भिंतीवरच्या अनुसयाबाईंची येळवस

मी सांगलीत सव्वीस वर्षं खाणावळ चालवली. त्यामुळं दुसऱ्याच्या हातचं खाताना माझी जीभ आधी चौकशी करते आणि मग चव घेते. भाजीत सोडा पडलाय का, डाळ आजची का कालची, तेल कितव्यांदा तापलंय हे मला पहिल्या घासाला कळतं, आणि कळलं की माझ्याच्यानं गप्प बसवत नाही. माझी धाकटी बहीण शालू म्हणते, अक्काला घेऊन हॉटेलात जायचं म्हणजे घरून भांडण बांधून न्यायचं. तरी यंदाच्या थंडीत तीच मला मराठवाड्यात घेऊन गेली.

शालूच्या लेकीनं मोबाइलवर नांदेड-लातूरकडं सेंद्रिय जेवण कुठं मिळतं त्याची यादी काढून दिली होती. डॉक्टरांनी आम्हा दोघींनाही चांगलंचुंगलं खायला सांगितलेलं. खाणावळ आता सुनेच्या हातात आहे. म्हटलं, जन्मभर लोकांना वाढलं, आता जरा बसून खाऊ. फवारणी नाही, रंग नाही, खरं अन्न खाऊ.

माझा एक नियम आधीच सांगून ठेवते, कारण पुढं त्यानंच घात केला. मी फुकट घास खात नाही. “काकू, उद्या देतो” म्हणून गेले ते गेलेच, अशी इतकी गिऱ्हाइकं पाहिलीत, की कुणाकडं जेवून हात हलवत उठले तर मला ते अन्न अंगी लागत नाही. सख्ख्या भाचीकडंसुद्धा उठताना मी पोरांच्या हातावर काहीतरी ठेवतेच.

प्रवासाचं काही सांगत नाही. तंगड्या आखडल्या आणि शालू रात्रभर घोरली, एवढंच.

नांदेड

पहिल्या दिवशी गुरुद्वाऱ्यात दर्शन घेऊन लंगरात बसलो. डाळ, रोटी, भाजी, खीर. आमची जात, गाव, नाव कुणी विचारलं नाही. एक सरदारजी ताटात रोटी टाकायचे आणि मी नको म्हणेपर्यंत दुसरी टाकलेली असायची. डाळ इतकी एकजीव शिजलेली, की मी मनातल्या मनात त्या आचाऱ्याला हात जोडले. उठताना सवयीनं एका सेवेकऱ्याला विचारलं, पैसे कुठं द्यायचे? तो हसला आणि त्यानं भांडी घासायच्या हौदाकडं बोट दाखवलं. मी आणि शालूनं पदर खोचून अर्धा तास ताटं घासली. सांगते, अन्न असं पचलं म्हणता! तेवढ्यावरच शहाणी व्हायला हवं होतं मी, पण माणसाला दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसाचं शहाणपण राहात नाही.

गाडी भाड्यानं घेतली होती. चालवणारे मुनीरभाई नांदेडचेच. साठीला आलेला, सावकाश बोलणारा माणूस. मी चिडले की ते गाडीचा वेग कमी करायचे, का ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अर्धापूरला नेलं. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, हवेत ओलसर गारवा. यादीत इथली ‘ऑरगॅनिक केळी’ होती. रस्त्याकडेला मंडप टाकून एकजण बसला होता. माझ्या डोळ्यांदेखत त्यानं एकाच घडाच्या फण्या कापल्या. निम्म्या डावीकडं ठेवल्या, त्या साध्या. निम्म्या उजवीकडं ठेवून त्यांना हिरव्या चिकट्या, म्हणजे स्टिकर, लावल्या, त्या ऑरगॅनिक, दुप्पट भावाच्या. मी विचारलं, चिकटी लावल्यावर केळ्याच्या आतलं औषध निघून जातं का? तो म्हणाला, पुण्यामुंबईची माणसं असलं विचारत नाहीत. म्हटलं, म्हणूनच तुझं फावलंय.

रस्त्याच्या पलीकडं बागवालाच केळी विकत होता. त्याला तोच प्रश्न विचारला. तो म्हणाला, “आमच्या केळीला खतबी हाय अन् औषधबी हाय, ताई. खायची तर खावा. खोटं बोलून कामून इकू?” मी त्याच्याकडून दोन डझन घेतली. औषध पोटात गेलं तर गेलं, निदान खोटं तरी गेलं नाही.

परतताना दुपारी महामार्गावरच्या एका हॉटेलात गेलो. यादीत ते पहिल्या नंबरला होतं. नाव लिहीत नाही. लिहिलं तर फुकटची जाहिरात व्हायची. दारात रंगवलेली बैलगाडी, तिला जन्मात बैल लागलेला नाही. वाढपी धोतरात आणि शिवलेल्या पागोट्यात. आत समोरच्या भिंतीवर दाराएवढा फोटो. चाळीस-पंचेचाळिशीची बाई, डोक्यावर पदर, दोन्ही हातांत आंबिलीचा तांब्या पुढं केलेला, आणि अशी हसतीय की तांब्या आपल्यालाच देतीय असं वाटावं. खाली लिहिलेलं: ‘अनुसयाबाई, तालुका जळकोट. यांच्या शेतातून थेट तुमच्या ताटात. येळवस थाळी, रोज.’

मला त्या बाईचं हसू आवडलं. मुनीरभाईंनी मात्र ‘रोज’ या शब्दाकडं बघून चुकचुक केलं. मी विचारलं, येळवस म्हणजे काय?

ते म्हणाले, “वेळ अमावस्या ओ, ताई. वर्षातून एकदाच असतीय, लातूरकडं. त्या दिवशी अख्खं गाव शेतात जेवतंय. लातुरात दुकानं बंद. ज्याला शेत न्हाई त्यो दुसऱ्याच्या शेतात जेवतोय. मी किती येळा जेवलो, कोनी नाव इचारलं न्हाई. रस्त्यानं जानाऱ्याला हाक मारून बसवतेत. ती थाळीत कशी येईल?”

थाळी आली. भाकरी दोनदा तव्यावर गेलेली, कडेला चामड्यासारखी. भज्जी म्हणजे मटार-तूर-वालाचे हिरवे दाणे आणि पालेभाजी बेसनात शिजवतात. इथं मटार बर्फातले होते आणि बेसन कच्चं. आंबिलीला आंबवल्याची आंबटाई नव्हती, लिंबाची होती. आणि हळद! बाबांनो, मी सांगलीची आहे. हळदीच्या पेठेपासून माझी खाणावळ चार गल्ल्यांवर. असला झेंडूचा रंग मातीतून येत नाही, पुडीतून येतो. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा.

मॅनेजरला बोलावलं. हळद कुठली विचारलं, तर म्हणाला अनुसयाबाईंच्या शेतातली. ज्वारी? अनुसयाबाईंची. मटार? अनुसयाबाईंचे. मी म्हटलं, मग मला अनुसयाबाईंना भेटायचंय. तो टाय सारखा करत म्हणाला, त्या आमच्या पार्टनर आहेत, फार बिझी असतात. शालूनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला, पण माझी तळपायाची आग तोवर मस्तकात गेली होती. पैसे टाकून बाहेर आले. मुनीरभाई आधीच दारात जाऊन उभे होते.

“परवा अमावस्या हाय,” ते म्हणाले. “खरी येळवस परवा हाय.”

यादी मी तिथंच फाडली असती, पण ती शालूच्या मोबाइलात होती.

जळकोट

कंधारवरून गेलो. काळं रान संपून मधूनच माळ लागतो, मग पुन्हा काळं रान. ज्वारी कणसात आलेली, हरभरा घाट्यात, करडईची पिवळी-केशरी फुलं. आमच्याकडं कृष्णाकाठी नजर जाईल तिथं ऊस. इथं एका रानात पाच-पाच पिकं बघून बरं वाटत होतं. मी मनात म्हणत होते, बाई भेटली की तिला विचारायचं, असल्या भामट्यांना माल देतेस तरी कशाला?

विचारत विचारत तिचं गाव गाठलं आणि पाराजवळच्या दुकानात अनुसयाबाईंचं घर विचारलं. दुकानदार म्हणाला, “ती हाटेलवाली का?” आणि शेजारी बसलेले दोघं हसले. ते हसणं मला बरं वाटलं नाही.

अनुसया ओसरीवर शेंगा सोलत बसली होती. फोटोतलीच बाई, पण फोटोपेक्षा पाच-सात वर्षांनी थकलेली. तिचा नवरा दिगंबर अंगणात कडब्याच्या पेंढ्या बांधत होता. उद्यासाठी शेतात कोप उभी करायची, म्हणजे कडब्याची लहानशी झोपडी, तिच्यात दगडाचे पाच पांडव मांडून पूजा करतात. मी सांगितलं, तुमचा फोटो बघून आलो, नांदेडच्या हॉटेलात. तिचा हात शेंगेवरच थांबला.

“तुमी जेवलाव तिथं? माझ्या नावानं?”

“जेवले. घशाखाली उतरलं नाही.”

ती पाणी आणायला म्हणून आत गेली आणि बऱ्याच वेळानं बाहेर आली.

मग तिनं सांगितलं ते असं. दोन वर्षांपूर्वी येळवशीच्या दिवशी रस्त्यावर एक गाडी थांबली. दोन पोरं, एक पोरगी, गळ्यात कॅमेरा. दिगंबरनं बांधावरून हाक मारली, तशी ती शेतात आली. रीतच आहे. पोटभर जेवली, अनुसयाला मावशी म्हणाली, आंबील मागून मागून प्याली. जाताना म्हणाली, मावशी, तांब्या धरा, एक फोटो काढतो. तिनं धरला. “लई गोड लेकरं व्हती,” ती अजूनही म्हणत होती. पुढं तोच फोटो नांदेडच्या भिंतीवर लागला. तिच्याकडून त्या हॉटेलानं ज्वारीचा एक दाणा नेलेला नाही, कधी तिला विचारलेलं नाही. विचारणार कशाला? त्यांना तिची ज्वारी नकोच होती, तिचं हसू हवं होतं.

फवारणी तिच्या शेतात नाही हे मात्र खरं. दिगंबर एकदा पाठीवर पंप घेऊन फवारताना चक्कर येऊन पडला. चार दिवस दवाखान्यात होता. परत आल्यावर पंप मोडीत घातला आणि औषध बंद केलं. सेंद्रिय हा शब्द दोघांनाही त्या फोटोनंतर कळला.

एवढ्यावर भागलं असतं तर मी शिव्या घालून परत आले असते. पण गावातला कुणी नांदेडला गेला, त्यानं भिंतीचा फोटो काढून गावभर पाठवला. दिगंबरचा धाकटा भाऊ केरबा. त्याचं शेत एका बांधापलीकडं. त्याच्याही फोनवर तो आला. खाली ‘येळवस थाळी, रोज’ असं लिहिलेलं. येळवशीचं अन्न विकायचं नसतं. ते रानाचं असतं, येणाऱ्याजाणाऱ्याचं असतं. ते विकणं म्हणजे काय, हे मला अनुसयाच्या चेहऱ्यावरून कळलं. केरबा म्हणाला, वैनीनं येळवस विकून खाल्ली. दोघा भावांची एकच कोप असायची, गेल्या वर्षी त्यानं आपली वेगळी घातली. गावानं त्याचंच खरं धरलं. तिच्या कोपीवर कुणी फिरकलं नाही.

“चाळीस मानसाची भज्जी केलती,” ती म्हणाली. “घरला आनून म्हशीला घातली.”

मी खाणावळवाली. उरलेल्या अन्नाचं दुःख मला कुणी शिकवायला नको. पण ते न खपलेलं अन्न असतं. हे नाकारलेलं होतं. रागानं माझे कान तापले. ज्यांना हाक मारून जेवू घातलं त्यांनी हिचं हसू विकलं, आणि घरच्यांनी जाब विचारला तो हिलाच! मी विचारलं, यंदा काय? ती म्हणाली, यंदाबी करनार, रानाला उपाशी ठिवता येत न्हाई. दिगंबर तिकडं पेंढी बांधत राहिला.

आम्हाला तिनं जाऊ दिलं नाही. मुनीरभाई उदगीरला मेहुण्याकडं मुक्कामाला गेले, सकाळी हजर झाले.

येळवस

सकाळी अख्खं गाव डोक्यावर टोपल्या घेऊन रानाकडं निघालं. गावात म्हातारं कुत्रंसुद्धा उरलं नसेल. दिगंबरनं कोप उभी केली होती, वरून शाल पांघरलेली. आत चुन्यानं पांढरे केलेले पाच दगड. पूजा झाली. मग त्यानं आंबिलीचा तांब्या घेऊन शेताला फेरी घातली, पिकावर शिंपडत, कानडी वळणाचं काहीतरी ओरडत. त्याचा अर्थ त्यालाही सांगता आला नाही. तोवर त्याचा मोठा आवाज मी ऐकलाच नव्हता.

आणि जेवण. आता रागातसुद्धा सांगते, माझ्या सव्वीस वर्षांत मी अशी भज्जी केली नाही. तुरीचे, वालाचे, मटाराचे, हरभऱ्याचे ताजे दाणे, प्रत्येकाची चव वेगळी लागते आणि सगळ्यांची मिळून आणखी एक लागते. बाजरीचे उंडे, म्हणजे उकडलेले मऊ गोळे. ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील, मातीच्या बिंदग्यात रात्रभर मुरलेली, आलं-लसूण लावलेली. गव्हाची खीर, तिळाची पोळी. थंडगार आंबील गरम भज्जीवर प्याली की डोळे मिटतात.

दिगंबर बांधावर जाऊन हाका मारत होता. “या ओ, जेवायला या!” रस्त्यानं माणसं चालली होती. झालं, झालं म्हणत हात हलवून पुढं जात होती. तीस पावलांवर केरबाच्या कोपीपाशी वीस-पंचवीस माणसं, हसण्याचा कल्लोळ. इकडं आम्ही तिघं पाहुणे आणि चाळीस माणसांची भज्जी. अनुसया टोपलीवरचं फडकं सारखं नीट करत होती.

मी उठले. शालू म्हणाली, अक्का, परक्या गावात भांडू नकोस. म्हटलं, भांडत नाही, बोलते. तिला त्यातला फरक माझ्या बाबतीत कधीच दिसलेला नाही.

केरबा धिप्पाड माणूस. मला बघून पहिला शब्द बोलला तो “बसा, जेवा.” मी उभ्या उभ्या सांगितलं. मी त्या हॉटेलात जेवून आलेय. तिथली ज्वारी बाजारातली, मटार बर्फातले, हळद रंगाची. तुमच्या वहिनीकडून त्यांनी काही नेलं नाही, दिलं काही नाही. हसू तेवढं चोरलं. पाव्हणं म्हणून जेवायला घातलं हा तिचा गुन्हा. आणि भिंतीवर लिहिलेलं खरं मानता, भावाला एकदा विचारता येत नाही?

त्याची बायको म्हणाली, “आता तरी जावा की.” त्यानं हात पुसले आणि बांध ओलांडला. मागं आणखी दोघं आले.

अनुसयानं वाढलं, आंबील ओतली. केरबानं पहिला घास घेतला, थांबला आणि म्हणाला, “वैनी, मिरची जरा हुकली.” असं फक्त घरचं माणूस बोलतं. अनुसया पदराआड हसली, आणि ते हसू मी ओळखलं.

आता माझी करणी ऐका. माझं जेवण झालं होतं. रात्रीचा मुक्काम, सकाळचा चहा, हे एवढं जेवण, आणि माझा हात रिकामा. जीव राहीना. सगळ्यांचं लक्ष केरबाकडं बघून मी एक नोट घडी करून हळूच माझ्या पत्रावळीखाली सरकवली. कुणाला कळणार नाही, मागाहून सापडेल. तिकडं पाहुण्यानं आपलं पान उचलायचं नसतं, घरचा माणूस उचलतो, हे मला ठाऊक नव्हतं. मी हात धुवायला उठले आणि दिगंबरनं पान उचललं. नोट केरबाच्या पुढ्यातच पडली.

दिगंबर पान हातात घेऊन तसाच उभा राहिला. केरबानं नोटेकडं बघितलं, मग भावाकडं. हातातला घास त्यानं परत पानात ठेवला.

“मंजी खरंच हाय की,” तो म्हणाला आणि उठला. ते दोघंही उठले.

मी ओरडून सांगायला लागले तर तो मागंसुद्धा बघेना. अनुसया मला बोलली नाही, रडली नाही. फक्त म्हणाली, “ताई, कामून ओ?”

त्या हॉटेलवाल्यावर मी दोन दिवस तोंडसुख घेत होते. आणि त्यानं नांदेडात बसून केलं नाही ते मी तिच्या कोपीपुढं बसून केलं. करायला गेले काय आणि झालं काय! मला माझाच एवढा संताप आला, की वाटलं ती नोट चावून गिळावी. शालूनं नोट उचलून माझ्या हातात कोंबली आणि म्हणाली, आता तरी गप्प बस. मी गप्प बसले नाही. ती नोट मुठीत घेऊन पुन्हा बांध ओलांडला.

मला येताना बघून केरबाचं तोंड काळवंडलं. पण त्या दिवशी आलेल्याला परत पाठवता येत नाही. “बसा,” तो म्हणाला. मी बसले. त्याच्या बायकोनं वाढलं. माझं पोट गळ्यापर्यंत भरलेलं, तरी दोन उंडे, वाटीभर भज्जी, खीर, तांब्याभर आंबील, सगळं संपवलं. शेवटचा घास अक्षरशः ढकलला आणि म्हटलं, “केरबा, माझं पान उचला.”

त्यानं उचललं. खाली तीच नोट.

“ही कव्हा ठिवली?”

“तुमच्या मालकीण आंबील ओतत होत्या तेव्हा. तुम्हाला कळलं?”

“न्हाई.”

“मग तुम्ही येळवस विकलीत का?”

मी पुढं सांगितलं, तिलाही कळलं नव्हतं. चूक माझी आहे. मी पैसे घेऊन वाढणारी बाई, मला दुसरी रीत माहीत नाही, आणि मी विचारलंही नाही. शिव्या घालायच्या त्या मला घाला.

केरबानं नोट दोन बोटांत धरून मला परत दिली. “आदी हे आत घाला, ताई,” तो म्हणाला. “आन आज पुन्यांदा भायेर काढू नका.” मग तो बांधाकडं चालायला लागला. मी मागं.

त्याचं अर्धं जेवलेलं पान जिथल्या तिथं होतं. अनुसयानं त्यावर टोपली पालथी घातली होती.

“झाकून कामून ठिवलं?” त्यानं विचारलं.

“अर्धं जेवून उठला व्हताव,” ती म्हणाली. “येताल मनलं.”

तो खाली बसला, टोपली बाजूला केली आणि पानात ठेवलेला तोच घास उचलला. दिगंबर बांधावर गेला. या खेपेला त्याला हाक मारावी लागली नाही, केरबाच्या कोपीवरची माणसं आपल्या पायांनी येत होती. संध्याकाळपर्यंत टोपल्या रिकाम्या झाल्या. त्या दिवशी म्हशीला कडब्यावरच भागवावं लागलं. मी आणि शालूनं पदर खोचून दोन्ही कोपींची भांडी राखेनं घासली. बायका नको नको म्हणत होत्या. म्हटलं, एवढं तरी करू द्या, नाहीतर माझं पचायचं नाही.

पुन्हा नांदेड

सकाळी आम्ही निघालो तर केरबा इस्त्रीचा सदरा घालून मुनीरभाईंच्या शेजारी येऊन बसला. ते हाटेल दाखवा म्हणाला. अनुसयाला मी चल म्हटलं, तर ती म्हणाली, “माझं तोंड हायच की तिथं. ते तेवढं घेऊन या.”

हॉटेलात दुपारची गर्दी होती. केरबा त्या फोटोपुढं जाऊन उभा राहिला. आपली वहिनी दाराएवढी मोठी होऊन परक्या माणसांच्या जेवणावर हसतीय हे त्यानं पहिल्यांदाच डोळ्यांनी बघितलं. मग त्यानं एक खुर्ची ओढली, चपला काढल्या, वर चढला आणि फोटो खिळ्यांवरून उचलला. मुनीरभाईंनी खालून धरला.

मॅनेजर धावत आला. ही हॉटेलची प्रॉपर्टी आहे, मालकांना विचारावं लागेल, पोलीस बोलावीन. चोराच्या उलट्या बोंबा! माझ्या तोंडाला कुलूप नव्हतंच. मी प्रत्येक टेबलाला ऐकू जाईल अशा आवाजात हळदीपासून मटारापर्यंत सगळं सांगितलं. लोक ताटातली भज्जी बोटानं चाचपायला लागले. एकानं थाळी पुढं सरकवून दिली.

केरबानं आवाज चढवला नाही. “फोटू तुमचा आसंल,” तो म्हणाला. “बाई आमच्या घरची हाय.”

गिऱ्हाईक बघतंय म्हटल्यावर मॅनेजरचा सूर बदलला. चुकून झालं असेल, मालकांना सांगतो, आपण बसून बोलू, थाळी घ्या आमच्यातर्फे, निदान पाणी तरी घ्या. त्यानं स्वतः ग्लास भरून पुढं केला. मी केरबाच्या जागी असते तर तो ग्लास त्याच्या टायवर ओतला असता. केरबानं चपला घातल्या, फोटो मुनीरभाईंच्या मदतीनं खांद्यावर घेतला, आणि आदल्या दिवशी मला म्हणाला होता त्याच आवाजात त्याला म्हणाला,

“नगं. तुमच्याकडं इकतचं असतंय. पुढल्या येळवशीला तुमीच या आमच्याकडं. पोटभर जेवा. फकस्त फोटू काढू नका.”